थोरली, धाकटी आणि नोएडाचं भुयार

कंपनीच्या सपोर्टला फोन केला की ते आधी एक तिकीट नंबर देतात. काम झालं की तिकीट बंद. तीन महिन्यांत माझ्या नावावर एकेचाळीस तिकिटं निघाली आणि सगळी बंदही झाली, पण प्रत्येक तिकिटामागची गोष्ट मात्र उघडीच राहिली! मैत्रिणींना एकेक सांगते तर म्हणतात, "लिहून का नाही ठेवत?" म्हणून ठेवते आहे. तसंही मला काळजी करण्याशिवाय दुसरं काही नीट जमत नाही; लिहिताना निदान हात तरी गुंतलेले राहतात.

आधी भानगड काय होती ते सांगते. मी नोएडाच्या एका कंपनीसाठी आरोग्यविम्याचे दावे तपासते. मुक्ता झाली, सुट्टी संपली, आणि सक्सेना सरांनी फोनवर सांगितलं, "तीन महीने घर से करके दिखाइए, शीतल. लाइन टिकी तो ठीक, नहीं तो नोएडा."

नोएडा म्हणजे मी आणि दहा महिन्यांची मुक्ता तिकडे भाड्याच्या खोलीत, आणि अभिजित, माझा नवरा, सरकारी नोकरीपायी इथे ग्वाल्हेरला थाटीपुरच्या क्वार्टरमध्ये. बरं, आमच्यापर्यंत केबलचं इंटरनेट पोचतच नाही. गल्ली खणली की वायर तुटते, आणि गल्ली कायम खणलेलीच असते! म्हणून कंपनीनं एक खोकं पाठवलं. त्यात फायरवॉलवाला, म्हणजे बाहेरच्याला आत शिरू न देणारा राऊटर आणि त्याला खोचायला सिमकार्डाचे दोन मोडेम. त्या खोक्यावर आमचा सगळा संसार टांगलेला होता.

*

खोकं उघडताना सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. या घराण्यात सगळे फौजेतले, त्यामुळे सासूला 'आईसाहेब' म्हणायची पद्धत आहे.

"दोन कशाला?" त्यांनी विचारलं.

"दोन वेगळ्या कंपन्यांचे आहेत, आईसाहेब. एक बंद पडला की राऊटर आपोआप दुसऱ्यावर जातो."

"म्हणजे दोन सुना! एक रुसली की दुसरीनं स्वयंपाक बघायचा."

त्या दिवसापासून एक मोडेम थोरली आणि दुसरा धाकटी.

मग व्हीपीएन. मी म्हटलं, "भुयार समजा. इथून थेट नोएडाच्या ऑफिसात. आतून काय चाललंय ते मधे कुणाला दिसत नाही." ग्वाल्हेरच्या माणसाला भुयार समजावून सांगावं लागत नाही. किल्ल्यातून निघालेलं भुयार आपल्याच गल्लीत उघडतं, असं इथल्या प्रत्येक घराचं म्हणणं असतं!

आईसाहेब म्हणाल्या, "आपल्या घरच्यांना दिल्लीला पोचायला घोड्यावर किती दिवस लागायचे! आणि तू गाऊनवर जातेस?"

*

थोरलीला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, मसाल्याच्या डब्याच्या वर. म्हणून राऊटर तिथे आणि मी बाहेरच्या खोलीत. भुयार शाबूत असलं की राऊटरचा दिवा हिरवा, तुटलं की लाल. तो दिवा आईसाहेबांना दिसायचा, मला नाही. भाजी चिरता चिरता त्या ओरडायच्या, "गेलं!" मी इकडे सपोर्टच्या दुबेजींना फोन लावायची. दोन मिनिटांनी आतून आवाज, "आलं!"

दुबेजींशी माझं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. "सॉरी दुबेजी, मेरी ही गलती होगी." एकदा तर त्यांचाच फोन आला. "मैडम, आप कुछ मत कीजिए. आज हमारा ही सर्वर बैठ गया है, पूरे ऑफिस का."

मी म्हटलं, "सॉरी!"

*

पुढच्या खेपेला दुबेजींचा आवाज एकदम पोलिसी. "मैडम, सच-सच बताइए, आप कहाँ हैं?"

"घरी... घर पर."

"सिस्टम तो कह रहा है, ग्यारह पाँच पर आप इंदौर में थीं और ग्यारह बाईस पर दिल्ली में!"

झालं होतं असं, की थोरलीची कंपनी आमची लाइन इंदूरच्या नावावर दाखवायची आणि धाकटीची दिल्लीच्या. थोरली रुसली, धाकटी कामाला लागली आणि मी सतरा मिनिटांत इंदूरहून दिल्लीला पोचले. सिस्टमला संशय, की माझा पासवर्ड घेऊन दुसरंच कुणीतरी काम करतंय. मी इतकी घाबरले की खिडकीतून बाहेर बघून खात्री करून घेतली. समोर भदौरिया अंकलची स्कूटर, खणलेली गल्ली. थाटीपुरच!

माझी तत-पप ऐकून आईसाहेबांनी फोन हातातून काढून घेतला. "अरे भैया, बच्ची को छोड़के ये सराफ़े तक नहीं जाती, इंदौर कहाँ से जाएगी!"

तिकीट तिथल्या तिथे बंद. कारणाच्या रकान्यात दुबेजींनी लिहिलं होतं, 'सास ने पुष्टि की.'

*

मुक्ता आतल्या खोलीत झोपायची. आईसाहेब जवळच असायच्या, पण मला आपलं वाटत राहायचं, श्वास चालू आहे ना? शेवटी पाळण्यावर छोटा कॅमेरा लावला. फायरवॉलनं अडवला! परवानगीसाठी फॉर्म भरायचा होता, आणि त्यात एक रकाना, 'व्यावसायिक कारण'. पंधरा मिनिटं डोकं खाजवलं. मग खरं होतं तेच लिहिलं. 'बच्ची साँस ले रही है या नहीं, यह देखना.'

परवानगी मिळाली. आठवड्यानं दुबेजींचा फोन.

"मैडम, लॉग में दिख रहा है, कल आपने कैमरा चौंसठ बार खोला. बच्ची ठीक है ना?"

"हाँ हाँ, एकदम ठीक है."

त्यांनी विचारलं, "और आप?"

मी घाईघाईनं तिकीट नंबर विचारला.

*

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. घराण्याची तलवार आता एकच उरली आहे. सकाळी मी कामाला बसते तर काय, थोरली गप्प, धाकटी गप्प. आत जाऊन बघते तो पाटावर तलवार, शेजारी विळी, अभिजितच्या स्कूटरची किल्ली आणि माझा राऊटर! दोन्ही सुनांसकट! हळद, कुंकू, झेंडूचं फूल, वर पळीभर पाणी.

"आईसाहेब, हे काय!"

"तूच म्हणालीस ना, बाहेरच्याला आत शिरू देत नाही? मग शस्त्रच झालं की!"

दुबेजींना फोटो पाठवला. "मैडम, ये यूएसबी में पीला-पीला क्या है?"

"हल्दी है."

"सब्ज़ी गिर गई?"

"नहीं... पूजा हुई."

जुन्या टूथब्रशनं घासून, केसांच्या ड्रायरनं वाळवून भुयार परत उघडायला दोन तास लागले. दोन तास सलग लाल! मी तर मनातल्या मनात नोएडाला न्यायच्या भांड्यांची यादी केली. आईसाहेबांना मी एका शब्दानं बोलले नाही, पण तोंडावर दिसलं असणार. त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या, "तलवारीला इतकी वर्षं हळद लावतोय, ती कधी बंद पडली नाही!"

*

मग मुक्ता बोलायला लागली. पहिला शब्द 'आई' नाही, 'बाबा' नाही. स्वयंपाकघराकडे बोट करून, खणखणीत, "गेलं!"

आईसाहेब हादरल्याच. "पहिलाच शब्द असा! सोन्या, 'आलं' म्हण. आ-लं!" दिवसभर शिकवणी. मुक्ता मन लावून ऐकायची, हसायची आणि म्हणायची, "गेलं!" दूध संपलं, गेलं. बाबाची स्कूटर निघाली, गेलं. आठवड्यावर सक्सेना सरांची मीटिंग आलेली आणि घरात हा जप! पहिल्या शब्दाचा काही अर्थ असतो का, म्हणून मी इंटरनेटवर शोधायला गेले, तर फायरवॉलनं ती साइटच बंद करून ठेवलेली.

त्यातच समोरचे भदौरिया अंकल दवाखान्यातून घरी आले. बघायला गेलो, तर ते खुर्चीत मान टाकून झोपलेले. मुक्तानं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, बोट दाखवलं आणि म्हणाली, "गेलं!"

भदौरिया आंटींनी कौतुकानं विचारलं, "क्या बोली बिटिया?"

आईसाहेब आयुष्यात कुणाशी खोटं बोललेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नमस्ते बोली."

*

आणि शेवटी ती मीटिंग. सकाळी अकरा. वर चांगला कुर्ता, खाली घरातलीच सलवार. समोर लॅपटॉपवर सक्सेना सर, त्यांच्या हातात माझ्या तीन महिन्यांच्या नोंदींचा लॉग. स्वयंपाकघराच्या दारात आईसाहेब, एक डोळा दिव्यावर. त्यांच्या कडेवर मुक्ता.

"ये... हल्दी क्या है?"

"सर, वो त्योहार था. सॉरी सर."

"और ये चौंसठ बार?"

"सॉरी सर."

सरांनी अजून दोन पानं उलटली. चष्मा काढला. "देखिए शीतल, तीन महीने का पूरा रिकॉर्ड देखकर मैंने ये तय किया है कि आपका घर से काम करना अब..."

आणि सर थांबले. चष्मा हातात, तोंड उघडं.

"गेलं!" मुक्तानं लॅपटॉपकडे बोट केलं.

नेमकं आत्ता! मी आईसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान लांब करून खिडकीतला दिवा पाहिला, मग परत पाहिला.

"हिरवा आहे गं. तुझं नाही गेलं. त्यांचं गेलं!"

सक्सेना सरांचंही जाऊ शकतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. चार मिनिटं मी सरांच्या उघड्या तोंडाकडे बघत बसले. 'बंद' म्हणायचं असतं तर ओठ मिटलेले असते, हे तर उघडे आहेत! पण मग 'नहीं'ला कसे असतात? मी मोबाइलच्या काळ्या स्क्रीनमध्ये बघून 'नहीं' म्हणून पाहिलं. उघडेच असतात.

इतक्यात चित्र हललं. सर आता मोबाइलवर होते, कुठल्याशा जिन्यात उभे, केस विस्कटलेले. "सॉरी, सॉरी! मेरे केबिन का नेट ही चला गया. हाँ, तो मैं कहाँ तक पहुँचा था?"

सवयीनं 'सॉरी सर' ओठांवर आलंच होतं. ते गिळलं.

"'परमनेंट' तक, सर."

सर माझ्याकडे बघत राहिले. मान हलेना, पापणी लवेना. परत अडकले की काय, मला कळेना.

मग सरांच्या मिशीचं एक टोक हळूच वर गेलं.

मुक्तानं टाळ्या वाजवल्या. "आलं!"