पाण्यात टिकणारी बॅटरी

बोटाएवढी टॉर्च सतत खिशात बाळगायचा नाद मला उतारवयात लागला. आमच्या वऱ्हाडात तिला बॅटरीच म्हणतात. खोक्यावर छापलं होतं, धूळ आणि पाणी आत जाणार नाही. छापलेल्यावर विश्वास ठेवण्याइतका मी साधा नाही, म्हणून भातकुलीच्या शेतात तिला चिखलात पायानं दाबून ठेवली. आमची काळी माती चपलेचा तळ उपटून घेते, पण बॅटरी शाबूत निघाली. मागचं झाकण फिरवताना आटे तेवढे करकरले. ते पुसून रबरी कडीला थेंबभर ग्रीस लावलं की झालं. मग बादली झाली, कूलरची टाकी झाली. एकदा ती वरणातही पडली. बायको म्हणाली, "आता तिलेच वाढत जा."

एक परीक्षा मात्र माझ्या लक्षातच आली नाही. ज्या खिशात बॅटरी, त्याच खिशात माझ्या खर्ऱ्याची पुडी असायची. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं घोटलेलं.

भाऊजी गेल्यापासून ताईच्या घरची बोलणी मीच करायचो. भाच्याला अकोल्याची मुलगी मनापासून आवडली होती. दोन्हीकडच्या परवानगीनं दोघं बडनेरा स्टेशनवर भेटून चहाही प्यायले होते. घरी येऊन हा पठ्ठ्या ताटातला भात बोटानं उगाच कालवत बसला, तेव्हाच ताईनं ओळखलं. मुलीच्या वडिलांची अट एकच होती: घरात तंबाखू नको. त्यांचा भाऊ तोंडाच्या कॅन्सरनं गेला होता.

अकोल्याला बोलणीसाठी जाताना गाडीत ताईनं विचारलं, "खिशात काही नाही ना रे?"

"तुझी शपथ, ताई. सोडलं मी."

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा पानटपरीमागे जाऊन पुडी टाकली, चूळ भरली. म्हणजे शपथ थोडी उशिरा का होईना, खरी केली, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मुलीकडच्यांनी बसवलं, काचेच्या ग्लासांत पाणी आणलं. वडील थेट मुद्द्यावर आले.

"मामा, तुमीच सांगा. घरात कोणी खाते का?"

"सुपारीचं खांडही नाही," मी म्हणालो. ताईनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

इथेच थांबलो असतो तर! पण तेवढ्यात लाइट गेली. पडदे ओढलेले, खोली अंधारली. मी ऐटीत बॅटरी काढून लावली.

"बाप्पा! एवढीशी अन् एवढा उजेड?" वडील म्हणाले. "पाण्यात चालते का पण?"

हा प्रश्न मला आजवर कोणी आपणहून विचारला नव्हता. मी ती पेटलेली बॅटरी माझ्या ग्लासात सोडली, तोंड वर करून.

ग्लास कंदिलासारखा उजळला. सगळे वाकून पाहू लागले. मग बॅटरीच्या क्लिपखालून, अंगावरच्या खाचांतून बारीक तपकिरी कण सुटले आणि सावकाश वर तरंगू लागले. मागोमाग चुन्याचा पांढुरका धूर. सुपारीचं एक खांड सुटून तळाशी बसलं. वासही आला. बॅटरी मात्र इमानदारीत चालू होती, आणि तिच्या उजेडात पाण्यातला कण न् कण दिसत होता.

मला हात घालून ती विझवायचंही सुचलं नाही.

वडिलांनी तो ग्लास बाजूला सरकवला. मुलीच्या आईला म्हणाले, "चहा आण." चहा झाला. आम्हाला दारापर्यंत पोचवलंही.

परतताना ताई अमरावती येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. मी दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "तू बोलू नको."

नकाराचा निरोप आला तो ताईच्या फोनवर. मी राजापेठेतल्या तिच्या घरी गेलो तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोराले नावं नाही ठेवली त्यायनं. म्हणले, मामाच तोंडावर खोटं बोलते, तं बाकीचं काय खरं धरावं?"

भाचा आतून आला. माझ्या हातात पाण्याचा ग्लास देऊन म्हणाला, "जाऊ द्या ना मामा, काहून मनाले लावून घेता? मले तं ते पोट्टी पसंतच नव्हती."

आमच्या घरात खोटं बोलायला मीच सराईत. त्याला ते अजिबात जमत नाही. बोलताना त्याचे कान लाल झाले होते. मी मान खाली घालून पाणी प्यायलो.