परग्रहवाल्यांचं गोत्र विचारायला चाकणला

रावेतच्या नव्या फ्लॅटची किल्ली हातात आली, गुरुवारची वास्तुशांत ठरली, आणि सोमवारी आमच्या ह्यांनी जाहीर केलं, "मी पूजेला बसणार नाही."

कारण काय, तर परग्रहवाले! निवृत्त झाल्यापासून हे मोबाइलवर तेच बघत बसतात. "ते असतील, तर त्यांना कुणी घडवलं? आपल्याच देवांनी, की त्यांचे देव वेगळे? आपले देव पृथ्वीपुरतेच निघाले तर?" तीस वर्षं कंपनीत माल तपासण्याच्या खात्यात काढलेला माणूस. शंका असलेला माल त्यांनी कधी पास केला नाही, आता देवालाच अडवून धरलं. पूजेला जोडीनं बसावं लागतं. वास्तुशांत झाल्याशिवाय मी नव्या घरात दूधसुद्धा तापवणार नव्हते, आणि चिंचवडची भाड्याची खोली महिनाअखेरीला सोडायची होती.

गुरुजींना फोन लावला. ते चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला असतात, पूजा सांगतात त्या सुट्टीच्या गुरुवारी. म्हणाले, "एवढा मोठा विषय फोनवर नको, काकू. उद्या जेवणाच्या सुट्टीत गेटवर या."

मंगळवारी आठलाच निघालो. तुम्हीही जाणार असाल तर सिटी बसचा दिवसाचा पास काढा, भोसरीला बस बदलावी लागते. पाणी आणि दशम्या घरूनच न्या. मोशीपर्यंत बस बरी पळते. इंद्रायणीचा पूल आला तसे मी खिडकीतूनच हात जोडले, ह्यांना बुद्धी दे म्हटलं. पुलापलीकडे बस जी थांबली, ती थांबलीच. चाकणच्या रस्त्याला दीड तास जास्तीचा धरूनच चला.

तेवढ्यात शेजारी एक लांबलचक ट्रेलर येऊन उभा राहिला. त्याच्यावर चकचकीत, घराएवढी गोल तबकडी! हे सीटवरून उठलेच. "बघ! मी काय सांगत होतो!"

सगळी बस एका बाजूला झुकली. ह्यांनी खिडकीतून ड्रायव्हरला हाक मारली, "ओ भाऊ, हे कुठून आणलंत?"

"भोसरीवरनं."

"आहे काय हे?"

"दुधाच्या टाकीचं झाकण."

हे खाली बसले आणि माझ्या कानात म्हणाले, "त्याला तसंच सांगायला लावलं असणार."

पुढच्या सीटवर कुरुळीच्या एक आजी होत्या. त्यांनी मागं वळून विचारलं, "त्या वरच्या लोकांत बाया हायेत का?"

"असतील की," हे म्हणाले.

"मंग देव बी हायेत. नुसते बापय कवा देवाला गेल्यात?"

अख्खी बस हसली. ह्यांनी मोबाइल खिशात घातला.

गुरुजी गेटसमोरच्या टपरीवर भेटले. पायात कारखान्याचे जड बूट, हेल्मेट टेबलावर उपडं. माझा मंगळवारचा उपास, मी चहावर भागवलं. ह्यांनी मात्र दशम्या असताना मिसळ मागवली आणि शंका मांडली.

गुरुजी म्हणाले, "काका, संकल्पात आपण काय सांगतो? अमुक द्वीपात, अमुक देशात, अमुक नदीच्या काठी बसलोय. देवाला एवढा पत्ता का सांगावा लागतो? त्याचा पसारा रावेतपुरता नाही म्हणूनच ना?"

ह्यांचा पाव रश्श्यातच राहिला. "बरं, मग त्यांचं गोत्र?"

"गोत्र माहीत नसलं की काश्यप. रीतच आहे."

"मग नवग्रहांशेजारी त्यांच्या नावाची एक सुपारी मांडा. तर बसतो."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "काकू, चालेल?"

कोण कुठले, खातात काय, देवाधर्माचं काही पाळतात की नाही! त्यांना देवांच्या पंगतीत बसवून पाप माझ्या माथी यायचं. पण नको म्हटलं तर पूजाच नाही. शेवटी म्हटलं, "नवग्रहांच्या चौरंगावर नको. ते घरचे. परग्रहवाल्यांना पाहुण्यांसारखा वेगळा पाट देऊ. आणि नैवेद्यात कांदा-लसूण मागायचा नाही."

"मंजूर," हे म्हणाले, जणू वरून निरोप आला होता. भोंगा झाला तसे गुरुजी हेल्मेट चढवून आत पळाले. येताना बसमध्ये ह्यांनी एकही व्हिडिओ पाहिला नाही; खुशाल घोरत आले.

गुरुवारी हे सोवळं नेसून तीन तास बसले. पाटावरच्या सुपारीला काश्यप गोत्रावर गंध-फूल झालं, पुरणाचा नैवेद्यही झाला. शेवटी गुरुजी एकेका देवतेवर अक्षता टाकून तिला आपल्या स्थानी जायची विनंती करू लागले. पाटापाशी आले आणि थांबले. "काका, यांना कुठं पाठवू?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी गुरुजींकडे. गुरुजींनी हातातल्या अक्षता परत ताटात ठेवल्या.

म्हणून ती सुपारी अजून आमच्याकडेच आहे, देवघराच्या खालच्या पायरीवर. परग्रहवाले आहेत की नाहीत, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण रोज सकाळी देवांना दूध-साखर दाखवली की तिच्यापुढेही वाटी सरकवते. ठिकाण माहीत नसताना पाहुण्याला 'या आता' म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?