धुरपताबाईंची तीन बोटं

धुरपताबाईंची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. सरळ माझ्या तोंडात तीन बोटं घातली. देवणीच्या बाजारात गोऱ्ह्याचे दात बघावेत तसा माझा जबडा वर केला आणि सीमेपलीकडे कर्नाटकात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जातेत तिन्ही. बसा जेवायला." मी शाळेच्या कार्यक्रमाचा प्रमुख पाहुणा होतो.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या या बाई प्रत्येक पोराचं तोंड असं मोजत, मगच वाढत. कारण घरात होतं. त्यांच्या सतरा वर्षांच्या व्यंकटीचं तोंड गुटख्यानं आखडलं होतं. धड तोंडात तीन बोटं उभी जातात, त्याच्या दोनच जायची. भाकरी वरणात कुस्करून चमच्यानं भरवायची. लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पुडी सुटली नाही तर पुढं कॅन्सर.

गुटख्याला राज्यात बंदी. शाळेजवळ तंबाखू विकायला बंदी. अठराच्या आतल्याला विकायला बंदी. हे सगळं शाळेसमोरच्या टपरीच्या पाटीवर रंगवलेलं होतं आणि त्याच पाटीच्या खिळ्याला पुड्यांची माळ लटकत होती. वर दुष्काळ. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. इकडे उदगीर जिल्हा करा म्हणून मोर्चे. पण घोषणा देणाऱ्यांच्या तोंडात पुडी, त्यामुळे कुठला जिल्हा मागतायत तेच कळेना.

पुड्या यायच्या पाण्याच्या टँकरमधून, ड्रायव्हरच्या सीटखाली. साऱ्या गावाला माहीत होतं.

"टँकर अडवू नका, बाई," सरपंच हणमंतराव म्हणाले. "पाणी बंद हुईल."

"माझ्या पोराचं तोंड बंद व्हायलंय, सरपंच. पाणी वतायचं कुठून?"

दुसऱ्या दिवशी बाई खिचडीचा झारा घेऊन टँकरसमोर उभ्या राहिल्या. सीट उपटली, पुड्या रस्त्यावर ओतल्या, पोलीस ठाण्यातून जमादाराला बोलावून आणलं. जमादारानं तोंडातलं आधी थुंकलं, मग पंचनामा केला. टँकर जप्त.

संध्याकाळी घागरी घेऊन बाया त्यांच्या दारात आल्या. "पुडीनं कोण मेलंय? आमी तहानेनं मरायलोत," नागुबाई ओरडली. ड्रायव्हरला कुणी शिवी दिली नाही. टपरीवाल्याला दिली नाही. पाण्यासोबत विष आणणारा गावाचा पाहुणा, आणि ते अडवणारी बाई गावाची वैरीण. ही अक्कल कुठल्या दुष्काळात जळाली, मला आजही कळलेलं नाही.

चार दिवसांनी दुसरा टँकर आला. टपरीवर माळ पुन्हा लटकली. धुरपताबाईंचं खिचडीचं काम गेलं. व्यंकटीच्या तोंडात आता एकच बोट जातं.