नेढं दिसायची जागा

वाल्मिकच्या घराला गजराचं घड्याळ कधी लागलंच नाही. समोरच्या सुळक्याला आरपार भोक होतं, गावात त्याला नेढं म्हणत. पहाटे अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसून सुंदरा तिकडे नजर लावायची आणि नेढ्यात उजेड भरला की नवऱ्याला हाक मारायची, "उठा, रसायनीची बस येल." तीस वर्षांत कंपनीची बस एकदाही चुकली नाही.

सुंदराला जाऊन चार वर्षं झाली. मुलाच्या हट्टापायी घर-अंगण विकलं, तिथं कुणाचं तरी फार्महाऊस उठलं आणि वाल्मिक खालापुरात मुलाच्या फ्लॅटवर आला. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. बोलायला दोघंच, कंपनीतले जुने सोबती, नागू आणि कमलेश. नेढ्याचं सांगून सांगून त्याने त्यांचे कान किटवले होते.

"जन्म गेला त्या रस्त्यानं जाऊन," नागू म्हणायचा, "आमाला नाय कदी भोक दिसलं. थापाड्या हायेस तू."

चेष्टाच ती, पण वाल्मिकला लागायची. सुंदरा जे रोज बघायची ते आपल्याखेरीज आणखी कुणीतरी बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

दिवाळीनंतर नागूने गाडी घेतली आणि तिघं कर्जतच्या बाजूला डोंगर बघायला निघाले. एक कडा वानराच्या तोंडाचा, एक नुसता उभा अंगठा. कमलेश दर वळणावर नागूला गाडी थांबवायला लावून फोटो काढत होता. नेढ्याचा सुळका आला तसं नागूने विचारलं, "कुठंय रं भोक?"

"हितनं नाय दिसायचं. जरा म्होरं घे."

असं तीनदा झालं. ते नेढं मोठं लहरी. दोन पावलं इकडेतिकडे झालात की दगडाआड दडलंच. शेवटी गाडी जुन्या घराच्या फाटकापाशी न्यावी लागली.

फाटकावर राखणीला गावातलीच आवडी होती. "तात्या, एकट्यानंच जा. मालकाला कळलं तर माजं काम जाईल."

धुण्याचा दगड जागेवरच होता. मालकाने शोभेसाठी ठेवलेला, भोवती फुलं लावलेली. वाल्मिक त्यावर बसला आणि मान वर केली. नेढ्यात आभाळाचा निळा तुकडा होता. फाटकाकडे वळून त्याने विचारलं, "दिसतंय का रं?"

नागूने कपाळावर हात आडवा धरला. "दिसलं, दिसलं. बोलत व्हतास त्ये खरं हाय." कमलेशनेही मान डोलावली.

फाटक आणि सुळका यांच्या मधे आंबा होता, सुंदरानेच लावलेला. वाल्मिकने फाटकापाशी परत येऊन बघितलं, तिथून सुळकासुद्धा दिसत नव्हता, मग नेढं कुठलं दिसायला.

परतताना नागू म्हणाला, "केवढं भोक रं त्ये." वाल्मिक हो म्हणाला. बिचारे मायेपोटी खोटं बोलले, रागवायचं तरी कसं? 'थापाड्या' म्हणाले असते तर त्यांना पुन्हा एकदा घेऊन येता आलं असतं. आता सगळ्यांचं नेढं बघून झालं होतं.