महिनाभर कुंकू लावू नका

मोटारी रंगवण्यावर पोट असलेला आणि वर्षातले दहा महिने रंगच न देणारा माणूस मी अकोल्यात एकच पाहिला. दिवाळी सरली की जिनिंगचा मोसम. "हवेत कापूस उडून राह्यला भाऊ. गाडीले रंग देऊ का गादी भरू?" होळीनंतर धूळ. मृगापासून दमट हवा, त्यात रंग पांढरट पडतो म्हणे. उरले नवरात्राच्या मागचे-पुढचे काही दिवस, तेही साहेबांची तब्येत खूश असली तर! गिऱ्हाइकाने तोंड उघडलं रे उघडलं की हात वर करून "थांबा!" म्हणायचे. म्हणून गावाने त्यांचं नाव थांबामिस्त्री ठेवलं. खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक असेल तर असेल.

माझे वडील अकोल्याला वकिली करत. कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा हा माणूस आपली जुनी मोटार घेऊन मिस्त्रींच्या टिनाच्या शेडसमोर उमेदवारासारखा उभा राही. ताईचं लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. अमरावतीचे व्याही, मोठं घराणं. नवरदेव आपल्याच मोटारीतून मिरवायचा, असं वडिलांनी बैठकीत सांगून टाकलं होतं. मोटारीचा रंग मात्र खरूज झाल्यासारखा. श्रावणात ती मिस्त्रींच्या हवाली केली.

दर रविवारी आम्ही बघायला जायचो आणि दर रविवारी मोटार आणखी उघडीवाघडी झालेली दिसायची. मिस्त्री जुना रंग पार पत्र्यापर्यंत खरवडत. मग खाचखळग्यांत लांबी, म्हणजे लुकण, भरायची, घासायची, पुन्हा भरायची. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचे. "डोये फसवते वकीलसायेब, हात नाई फसवत." एका रविवारी रंगाखालचं अस्तर मारून झालेलं होतं, वडील खुशीत होते, तेवढ्यात मिस्त्रींच्या तळव्याला दारात मोहरीएवढा खड्डा लागला. अख्खं दार पुन्हा खरवडायला घेतलं! वडील म्हणाले, "अहो, कोण बघणार आहे ते?"

"मी पाह्यलं ना," मिस्त्री म्हणाले आणि पाण्यात काचकागद बुडवला.

त्यांना घाई म्हणजे शिवी वाटे. कुणी फारच मागे लागलं तर म्हणत, "घाई असन तं ब्रश आना अन् घरीच मारा. खिडक्यायले मारता तसा." असल्या तोंडाच्या माणसाकडे लोक जात तरी कशाला, असा प्रश्न पडे. पण त्यांनी रंगवलेली एखादी गाडी रस्त्यावरून गेली की उत्तर मिळायचं. रंगात आपलं नाक दिसे.

शेवटचा हात मारून झाला तो ऐन दिवाळीत. मलईसारखा रंग! गाडी न्यायला मी गेलो होतो, वय वर्षं वीस, अंगात नवा शर्ट. मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "रंग वरून वाळला, आतून कच्चा आहे. महिनाभर बोनेटवर काई ठिवू नका. हार नाई, नारळ नाई. तेलातलं कुंकू तं बिलकूल लावू नका. घरी सांगजा, आठोनीनं."

मी मान हलवली. घरी पोचलो तर आई दारातच आरतीचं तबक घेऊन उभी. आता सांगा, नवीकोरी दिसणारी मोटार सणाच्या दिवशी दारात आलेली आणि आईला म्हणायचं, कुंकू लावू नकोस? माझी छाती झाली नाही. आईने तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठळक स्वस्तिक बोनेटवर काढलं, वर नारळ ठेवला, आणि मी शेजारी उभा राहून टाळ्या वाजवल्या. चार दिवसांनी पुसायला गेलो तर तेल निघालं, स्वस्तिक निघेना. रंगात मुरलं होतं.

वडील तडक शेडवर गेले. मी मागोमाग. तिथे अकोटचे एक जिनवाले आपली गाडी घेऊन आलेले, आणखी चार माणसं. सगळ्यांदेखत वडील गरजले, "ह्या माणसाला रंगातलं ओ की ठो कळत नाही! कुंकवानं खराब होणारा रंग देतो!" मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोललो असतो तर पुरे होता. मी बुटाची नाडी बांधत बसलो, बुटाला नाडी होती म्हणून बरं. मिस्त्री त्या दिवशी "थांबा" सुद्धा म्हणाले नाहीत. जिनवाल्यांनी गाडी वळवून परत नेली. गोष्ट गावभर झाली आणि उन्हाळ्यात मिस्त्री शेड मोडून चांदूर रेल्वेला, सासुरवाडीच्या गावी निघून गेले.

लग्न झालं. आमच्या भटजीकाकांनी स्वस्तिक शुभच असतं असा निर्वाळा दिला आणि नवरदेव त्याच बोनेटमागे बसून मिरवला. पुढे आठ-नऊ वर्षं त्या गाडीचा बाकी रंग तसूभर उतरला नाही. वडील पाहुण्यांना म्हणायचे, "रंग बघा! आजकाल असं काम होत नाही." कुणाचं काम, ते सांगत नसत. मी ऐकून घ्यायचो. बापाला लाज नव्हती म्हणावं, तर मला कुठे होती?

पुढे मी अमरावतीला वकिली करू लागलो, जुनी मोटार घेतली आणि सरळ चांदूर रेल्वे गाठलं. मिस्त्री पिकले होते. ओळख दाखवली नाही. गाडी ठेवून घेतली, खरवडली, घासली, रंगवली. पण रंग पुरा झाल्यावरही देईनात. मी चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला त्यांनी गाडी बाहेर काढली. मी सगळा धीर गोळा करून म्हणालो, "मिस्त्री, त्या वेळी मी घरी..."

"थांबा," ते म्हणाले. बोनेटवरून तळवा फिरवला. "मांगं तुमाले तोंडी सांगतलं होतं. म्हनून या खेपेला महिनाभर गाडीच देली नाई."

किल्ली माझ्या हातावर ठेवून ते पुढे म्हणाले, "आता घरी न्या अन् आईले म्हना, खुशाल लावा कुंकू."