मायची जिकीर

गाडी अकोल्याच्या फलाटावर उभी होती आणि माझी माय संत्रेवालीशी भाव करत होती. मी खिडकीत बसले होते. लग्न होऊन महिना झाला होता आणि नवऱ्याबरोबर पुण्याला निघाले होते. नवरा मूळचा अमरावतीच्या राजापेठेतला. तिथेच तो छापखान्यात खिळे जुळवायला शिकला आणि जास्त पगार मिळतो म्हणून पुण्याला गेला. आमचं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि पुणं मुंबई इलाख्यात, त्यामुळे आमच्याकडच्यांना पुणं म्हणजे परका मुलूखच वाटायचा. दादा, माझा थोरला भाऊ, खिडकीचा गज धरून उभा होता. माय माझ्याकडे बघतच नव्हती. एकेक संत्रं उचलायची, तळहातावर तोलायची आणि परत टोपलीत ठेवायची.

"मावशी, गाडी सुटून राहिली, घेता का नाही?" संत्रेवाली म्हणाली.

"सुटू दे. हे साल पाह्य कसं सुटलं, आत काही हाये का नाही?"

शिट्टी झाली तेव्हा सौदा तुटला, म्हणजे आमच्या बोलीत ठरला. मायनं पदरातली संत्री खिडकीतून माझ्या मांडीवर ओतली आणि गाडीबरोबर थोडी चालत आली. "सरू, तिकडं कोनी मांगन तेवढं देऊ नको. जिकीर करत जाय," ती म्हणाली. निरोप म्हणून तिचं एवढंच बोलणं झालं.

जिकीर हा शब्द हल्ली आमच्याकडेही मागे पडत चालला आहे. तरुण मुली 'भाव करणं' म्हणतात, शिकलेले 'घासाघीस' म्हणतात. मायच्या तोंडी मात्र जिकीरच असायची, आणि तिच्या लेखी तो शब्द भांडणाचा नव्हता. आमचा मळा बार्शीटाकळीला होता. वांगी, मेथी, कांदे, थोडी शेवंती. दादा बैलगाडीनं माल अकोल्याला आणायचा आणि माय मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात बाजारात बसायची. लग्न होईपर्यंत मीही तिच्या शेजारी बसत असे. तिचे काही नियम होते. घ्यायचं नसेल त्यानं जिकिरीत पडू नये. मालाला हवी तेवढी नावं ठेवावीत, माणसाला थट्टेपलीकडे ठेवू नयेत. आणि सौदा तुटला की मनात काही ठेवू नये.

तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक शरीफाबी. तिची पुलाजवळ खानावळ होती. ती आली की आजूबाजूच्या बायका आपला माल सोडून ऐकत बसायच्या.

"क्या गे भागू, बैंगन बेच रई के सोना?"

"सोनंच हाये. हात लावून पाह्य."

"हात लगाई तो काला हो गया मेरा हात."

"आधी कोनता गोरा होता व तुहा?"

असं अर्धा अर्धा तास चालायचं. मध्ये पान खाल्लं जायचं, सुनांची चौकशी व्हायची, आणि भाव शेवटी कालचाच ठरायचा. एके दिवशी शरीफाबी आली, वांग्यांकडे बोट दाखवलं, मायनं सांगितला तो भाव पदरातून काढून दिला आणि पिशवी उचलून निघून गेली. माय तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "आज बाईनं जिकीर नाही केली. काहीतरी झालं." भर बाजाराच्या वेळी तिनं माल झाकला, मला तिथं बसवलं आणि पुलाकडे गेली. शरीफाबीचा नवरा तापानं फणफणला होता. तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, खानावळ बंद पडेल म्हणून. पुढचे काही दिवस माय बाजार उरकला की तिकडे जाऊन तिच्या चुली सांभाळायची. तो माणूस वाचला. बरा होऊन पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा मायनं त्याला दुप्पट भाव सांगितला, आणि तो इतका हसला की त्याला खोकला लागला.

एवढं सगळं माझ्या मनात त्या एका शब्दात होतं, आणि तो शब्द घेऊन मी पुण्याला उतरले.

मंडईत पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काहून एवढा भाव, बाई?" भाजीवालीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "भाव एकच आहे. घ्यायचं तर घ्या." मी बसायला गेले तर म्हणाली, "बसताय कशाला? मागं माणसं आहेत." मागे उभ्या असलेल्या दोघी माझ्या 'काहून'ला हसल्या. मी सांगितला भाव देऊन घरी आले. त्या बाईचं काही चुकलं नव्हतं, तिकडची रीतच तशी होती. पण बाजारात जाऊन कोणाशी न बोलता परत येता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. हळूहळू मी 'काहून' सोडलं, 'का हो' म्हणायला लागले. 'मले' गेलं, 'मला' आलं. नवऱ्याला बरं वाटलं. मला बरं वाटलं की वाईट, ते आठवत नाही. दिवसभर काम असायचं.

आम्ही एका विधवा बाईंच्या घरात मागची खोली घेऊन राहत होतो. त्यांना सगळे काकू म्हणत. स्वच्छ, शिस्तीच्या, थोडं बोलणाऱ्या. एकदा मी त्यांना सांगितलं की जिकीर करून चांगली चादर आणली. त्या म्हणाल्या, "अगंबाई, एवढे कष्ट कशाला घेतलेस?" त्यांच्याकडे तो शब्द फक्त त्रासाच्या, जिवाला घोर लावणाऱ्या कामासाठी उरला होता. बाजार त्यातून कधीच निघून गेला होता.

तिसऱ्या वर्षी दादाचा निरोप आला की मायला दिसेनासं झालं आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती चाचपडत बाजारात बसत होती आणि लोक नासका माल परत आणून देत होते. नवऱ्याच्या छापखान्यातल्या एकाच्या वडिलांचे डोळे पुण्याच्या एका डॉक्टरांनी बरे केले होते. मायला आणायचं ठरलं. आधी एक डोळा, मग दुसरा, म्हणजे काही महिने राहावं लागणार. अडचण काकूंची होती. खोली देतानाच त्यांनी बजावलं होतं, दोन माणसं, तिसरं पाळण्यातलं चालेल, पाहुणा नाही. नळ एकच होता आणि त्यांना गर्दी सोसत नसे. नवरा विचारून आला. "नाही म्हणाल्या. आपण दुसरी जागा बघू," तो म्हणाला. दुसरी जागा मिळेपर्यंत मायचे डोळे थांबणार नव्हते.

दुपारी मी काकूंच्या दारात गेले आणि उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसले.

"नाही म्हटलंय मी," त्या म्हणाल्या.

"ऐकलं मी. माय वर्षभर राहील म्हणते."

"वर्षभर? काय बोलतेस?"

"बरं, होळीपर्यंत."

"एक दिवस नाही. पाणी कुठून आणू मी?"

"तिचं पाणी मी पहाटे भरीन. तुमच्या आधी. नळाला तुम्हाला ती दिसायची नाही."

"तंबाखू खात असेल."

"खाते. पण मागच्या अंगणात खाईल, ओट्यावर नाही."

काकू गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. मी उठले, पदर झटकला आणि निघाले. चार पावलं गेले असेन.

"डोळे अगदीच गेलेत का गं?" मागून आवाज आला.

मी वळून परत बसले. "दादाचाही चेहरा दिसत नाही तिला, असा निरोप आहे. आवाजावरून माणूस ओळखते."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "दिवाळीपर्यंत. त्यापुढे एक दिवस नाही."

"दिवाळी झाली की लगेच थंडी. नव्या डोळ्याला वारा लागेल. संक्रांत धरा, काकू."

"जिकिरीला आणलंस बाई मला!" काकू म्हणाल्या आणि हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते. "दिवाळी. आणि उठ आता."

मी दिवाळीवर उठले. अंगाला घाम सुटला होता, आणि बऱ्याच दिवसांनी कोणाशी तरी बोलल्यासारखं वाटत होतं.

माय आली. पहिली शस्त्रक्रिया चांगली झाली. पट्टी निघाली त्या दिवशी ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "वाळली व तू." दुसऱ्या डोळ्याचं तितकं साधलं नाही, पण एका डोळ्यानं तिचं भागत होतं. तिला मी मंडईत नेलं. तिनं दोन ठिकाणी तोंड उघडलं, दोन्हीकडे 'भाव एकच' ऐकलं आणि परतताना म्हणाली, "येथच्या लोकाईले बोलाले वेळ नाही. बिचारे." तिला राग नव्हता आला, कीव आली होती.

दुपारी काकू दळण-निवडण घेऊन मागच्या अंगणात यायला लागल्या. दोघी काय बोलायच्या, मला नेहमी कळायचं नाही. एकमेकींचे निम्मे शब्द त्यांना समजत नसावेत. दिवाळी झाली आणि मायनं बोचकं बांधायला घेतलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भागूबाई, थंडी संपू द्या."

"नाही जी. शेवंती तोडाले आली असन."

"निदान संक्रांतीपर्यंत."

"पोरगा एकटा करून राहिला."

"बरं, महिनाभर. माझे पापड व्हायचेत."

माय माझ्याकडे बघून डोळा बारीक करून हसली. "पंधरा दिवस," ती म्हणाली. आणि पंधरा दिवसांवर तुटलं.

त्यानंतर ती काही वर्षं बाजारात बसली. एका उन्हाळ्यात बार्शीटाकळीला झोपेतच गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेराव्यापर्यंत राहिले. मळ्यात आता दादाची सून कांदे लावते, विहिरीवर नवं इंजिन आलं आहे, आणि शेवंतीच्या जागी कपाशी आहे. मला काही परकं वाटलं नाही. काही माझंही वाटलं नाही.

आमच्यापैकी जे तिकडेच राहिले ते भेटले की विचारतात, पुण्याला मन रमतं का. आणि जे माझ्यासारखे निघून आले, ते गावाची आठवण येते का म्हणून विचारतात. दोघांनाही मी हो म्हणते, आणि ते खरं असतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दादा बैलांना पाणी दाखवून आला, ओसरीवर माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "बाई, घरी कवा जातं?"

"परवा," मी म्हणाले.

तो मान हलवून आत गेला. आम्ही दोघांनी घर पुण्याला म्हटलं, ते माझ्या बऱ्याच वेळानं ध्यानात आलं. तोवर मी त्याच्या चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं आणि साखर कुठं आहे ते कोणालाही न विचारता काढून घेतली होती.