नेहमीच्या दाबाची काडतुसं

दादानं माझ्याकडून दुबईहून मागवलेल्या वस्तूंची यादी मी एका वहीत ठेवत असे. टेपरेकॉर्डर, दोन टॉर्च, वहिनीसाठी मिक्सर, दाढीचं मशीन, दर वर्षी खजूर. वस्तू नेली की तिच्यापुढे बरोबरची खूण. खूण नसलेली ओळ त्या वहीत एकच होती: रिव्हॉल्व्हरची चांगली काडतुसं, एक बॉक्स.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. सातारा जिल्ह्यात, गावापासून दीड किलोमीटरवर त्याची लाकडाची वखार होती आणि वखारीला लागूनच घर. घरात तो आणि वहिनी, दोघंच. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जवळच्या पोल्ट्रीवर चोर आले, म्हाताऱ्या मालकाला मारहाण करून, त्याचा हात मोडून गेले. त्यानंतर दादानं परवान्यासाठी अर्ज केला. दोन वर्षं हेलपाटे घातल्यावर परवाना मिळाला आणि एका निवृत्त अधिकाऱ्याकडून त्यानं बत्तीस बोअरचं जुनं रिव्हॉल्व्हर रीतसर विकत घेतलं.

पण काडतुसांवर त्याचा विश्वास बसेना. दुकानात मिळत ती साधी, नेहमीच्या दाबाची. वखारीवर येणारा कुणीही सांगे, "ह्यानं कुत्रंसुद्धा पळायचं नाही." एका दलालानं तर सांगितलं होतं की पिस्तुलाची परदेशी काडतुसं ह्यात बसतात, जोर दुप्पट.

"तू दुबईत राहून उपयोग काय मग?" दादा फोनवर म्हणाला.

"दादा, विमानतळावरून मी सरळ तुरुंगात जाईन."

"खजुराच्या डब्यात तळाशी..."

"नाही."

त्या हिवाळ्यात मी त्याला व्हिजिट व्हिसावर बोलावलं. वहिनीच्या आईचा मोतीबिंदू निघायचा होता म्हणून वहिनी आली नाही. आम्ही तेव्हा दुबईतल्या ऊद मेथा भागात राहायचो, मुलीची शाळा पायी सात मिनिटांवर. माझी नोकरी अल क्वोजमधल्या एका गोदामात, मालाची तपासणी करायची. शंभर नगांतले किती खराब, हे मोजण्यातच माझी वर्षं गेली. शुक्रवारी सुट्टी. महिन्यातून एका शुक्रवारी मी शहराबाहेरच्या एका शूटिंग रेंजवर जायचो. बंदूक त्यांची, काडतुसं त्यांची, आपण नेम धरायचा आणि कागद घेऊन घरी यायचं. वाळवंटात संध्याकाळी हवा गार होई आणि परतीच्या वाटेवर गाडीच्या काचा खाली करता येत. त्या शुक्रवारांची आठवण आजही मन हलकं करते.

दादा आल्यावर दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर विषय निघाला. माझी बायको म्हणाली, "दादा, तुमच्या बेडरूमच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत किती अंतर आहे?"

"असेल की. बरंच आहे."

"बरंच म्हणजे?" मी विचारलं.

दादा उठला, डोळे मिटून आमच्या हॉलमध्ये पावलं टाकत चालला आणि बाल्कनीच्या दारावर आपटला. मुलगी हसत म्हणाली, "काका, यू आर आउट!" मग त्यानं रात्री वहिनीला फोन करून टेपनं मोजायला सांगितलं. अठरा फूट. पुढच्या दाराला लागूनच प्लायवूडची भिंत, आणि तिच्यापलीकडे वहिनीची शिवणाची खोली. संध्याकाळपासून ती तिथंच बसलेली असायची.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर रेंज उघडली तसे आम्ही पोचलो. तिथला नेमबाजी शिकवणारा उस्ताद पेशावरकडचा, फौजेतून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्याला मी सगळं सांगितलं. पिस्तुलाच्या काडतुसांचं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"बैठता है, इसका मतलब चलाने का है क्या? पुराना गन है, सिलिंडर फट गया तो उंगली जाएगी. ये बात आजसे खलास, समझे बडे भाई?"

"समझे," दादा पडेल आवाजात म्हणाला.

रेंजवर बत्तीस बोअर नव्हतं, अडतीसचं रिव्हॉल्व्हर होतं, आणि त्याला दोन्ही प्रकारची काडतुसं चालत: नेहमीच्या दाबाची आणि जास्त दाबाची. इथले आकडे दादाच्या रिव्हॉल्व्हरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मी नोंदीच्या कागदावर वरतीच लिहून ठेवलं. तपासायचं होतं ते दादाच्या हाताबद्दल. त्याचं उजवं मनगट स्कूटरवरून पडून एकदा मोडलेलं होतं.

लक्ष्य अठरा फुटांवर. त्यावर मी जेवणाच्या थाळीएवढं वर्तुळ काढलं. सहा-सहा गोळ्यांच्या चार फेऱ्या ठरवल्या. आधी एक प्रकार, मग दोनदा दुसरा, मग परत पहिला. हात शेवटी दमतो, त्याचा तोटा एकाच प्रकाराच्या वाट्याला येऊ नये म्हणून. उस्ताद म्हणाला, "मैं भरूंगा. कौनसा है, बताऊंगा नहीं." हे मला सुचलं नव्हतं. सामान तपासणाऱ्या माणसाला सुचायला हवं होतं.

पहिली फेरी. दादानं कानावरचं आवरण दोनदा नीट केलं आणि सावकाश, एकेक करून सहा गोळ्या झाडल्या. वर्तुळात सहा. नऊ सेकंद.

दुसरी फेरी. पहिली गोळी वर्तुळात. मग नळी वर उडायला लागली. दादा प्रत्येक गोळीआधीच डोळे मिटत होता. वर्तुळात तीन, कागदाबाहेर एक. चौदा सेकंद. तिसरी फेरी तशीच. वर्तुळात चार, पण कागदाबाहेर पुन्हा एक. चौथी परत शांत. वर्तुळात पाच, दहा सेकंद.

दादानं मनगट चोळत कागद पाहिले आणि एकदम खूश होऊन माझ्याकडे वळला.

"बघ! पहिली आणि शेवटची, ही खरी परदेशी चीज. काय सुरेख चालतात! हिसका नाही, काही नाही. मधली कसली धडधडत होती? जुना स्टॉक दिसतोय तुमच्या उस्तादाकडे."

त्या काळी गावाकडं आमच्या सगळ्यांच्याच डोक्यात हे पक्कं होतं की चांगली वस्तू म्हणजे आवाज न करणारी वस्तू. दुबईहून नेलेला मिक्सर शेजारच्यांना कळत नाही, हाच त्याचा मोठेपणा. मग चांगलं काडतूस वेगळं कसं असणार?

उस्तादानं दोन्ही बॉक्स पुढे ठेवले. "बडे भाई, पहला और चौथा, ये सादा वाला. बीचका दोनों, जोर वाला."

दादानं साध्या काडतुसांचा बॉक्स उचलून बघितला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्याकडे आहेत तशीच?"

"त्याच प्रकारची. नेहमीच्या दाबाची," मी म्हटलं.

"और वो प्लायवूड?" उस्तादानं विचारलं. भिंतीचं मी त्याला आधीच सांगितलं होतं. "सुनो. दोनों पार जाएगा. सादा भी, जोर वाला भी. जो निशाने पे नहीं लगा, वो भाभीजी के कमरे में. इसलिए वो लो जिससे चूक ना हो."

मधल्या दोन फेऱ्यांत बारापैकी पाच गोळ्या वर्तुळाबाहेर गेल्या होत्या. त्यातल्या दोन तर कागदाबाहेर. उरलेल्या तीन भोकांवर दादानं एकेक करून बोट ठेवलं. प्रत्येक भोकाशी तो थांबत होता.

बाहेर कँटीनमध्ये बिनदुधाचा सुलेमानी चहा आला. दादानं कप बाजूला सारून नोंदीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "लिही."

"काय?"

"अठरा फुटांवर सहापैकी पाच. वर्षातून एकदा बघायचं. पाच लागत नसतील तर ती वस्तू घरात ठेवायची नाही."

"वहिनीला विचारून ठरव की."

"तिच्यासाठीच ठरवतोय, शहाण्या."

मी कागदाच्या खालच्या कोपऱ्यात ते लिहिलं. तो कागद त्यानं खजुराच्या डब्यात तळाशी घालून नेला. आमच्याकडून तळाशी काही गेलं असेल तर ते तेवढंच.

पुढे दर दिवाळीनंतर तो जिल्ह्याच्या गावी रायफल क्लबवर जायचा, जुनी काडतुसं तिथं झाडायचा आणि परवान्याच्या हिशोबात तितकीच नवी, साधी, घेऊन यायचा. मला फोनवर फक्त आकडा सांगायचा. "सहा." पुढच्या वर्षी, "पाच, पण काठावर." मी विचारायचो, काठ आत धरला की बाहेर? तो फोन ठेवून द्यायचा.

चोर कधी आले नाहीत. वखारीवर येणारी माणसं नंतरही जोरदार काडतुसांच्या गोष्टी सांगत. वहिनी म्हणायची की दादा आता ऐकून घेतो आणि चहा विचारतो.

दोन हजार सालानंतरच्या एका सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा कपाटाच्या दाराला आतून तो कागद चिकटवलेला दिसला. माझ्या अक्षराखाली दादाचं अक्षर, एका वर्षाला एक ओळ. सहा. पाच. पाच. पाच. शेवटची ओळ त्याच महिन्यातली: चार. मनगट दुखतं. त्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं, आणि कपाटातला तो खण रिकामा होता.

"जमा केलं?"

"सोमवारी. पोलिस स्टेशनात पावती घेतली." दादा खिडकीशी उभा होता. बाहेर वखारीत अंधारायला लागलं होतं. "हवालदार म्हणाला, साहेब, कशाला? चारसुद्धा पुष्कळ झाले."

"मग?"

"म्हटलं, राहिलेल्या दोन कुठं जातात ते तुला माहीत नाही."

प्लायवूडच्या पलीकडे वहिनीचं मशीन चालू होतं. मग दादानं विचारलं की हालचाल झाली की आपोआप पेटतो, असा दिवा तुमच्याकडं मिळतो म्हणे. मी अंगणाची रुंदी विचारली. ह्या वेळी त्याला फूट तोंडपाठ होते.

पुढच्या सुट्टीत नेला. वहीत त्यापुढे खूण आहे.